पाळकीय शिक्षण निधी : मंडळीतील सर्वांना आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

पाळकीय सेवेसाठी निवडलेले आपले उमेदवार येत्या जूनमध्ये सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाच्या विद्यालयात, जातील. जे शिकून परतले आहेत, ते डिकन, म्हणजे पूर्ण पाळक होण्याआधीचे सेवक, म्हणून खेड्यांतल्या मंडळ्यांत कामाला लागले आहेत. या दोघांच्याही शिक्षणासाठी आम्ही आपल्याकडे मदत मागत आहोत. ऑर्डिनेशनच्या, म्हणजे पाळकाच्या दीक्षाविधीच्या, दिवसासाठी मंडळी हात सैल सोडून देते. मांडव, गावजेवण, हार, शाली, चौकातला फ्लेक्स, कशालाच कमी पडत नाही. त्याआधीच्या चार वर्षांसाठी आणि नंतरच्या वर्षांसाठी मागायला गेले की मात्र वही रिकामी राहते. म्हणून समितीने ठरवले आहे की यंदा दीक्षाविधीनंतर फक्त चहा-बिस्किटे असतील आणि गोळा होणारा प्रत्येक रुपया शिक्षणाकडे जाईल.

आधी निवडीविषयी. उमेदवार मंडळीचा पूर्ण सभासद हवा, त्याचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेले हवे, आणि पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीने, त्याच्या शिफारशीचा ठराव करून तो इतिवृत्तात लिहिलेला हवा. मग धर्मप्रांताच्या (बिशपांच्या देखरेखीखालच्या विभागाच्या) बोर्डापुढे मुलाखत होते आणि वैद्यकीय तपासणी होते. अडते ते कागदांवर. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एक नाव, दहावीच्या मार्कशीटवर दुसरे आणि आधारवर तिसरे असले की प्रवेश आणि नावनोंदणी महिनोन्महिने लांबते. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हे आत्ताच तपासून घ्यावे. आणि एक स्पष्ट सांगतो, नात्यागोत्याखातर शिफारस देऊ नका. ज्याने दोन वर्षे संडे स्कूलचा वर्गही सांभाळलेला नाही, त्याला सेमिनरीत पाठवणे त्याच्यावरही अन्याय आहे.

सेमिनरीतला बी.डी.चा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) अभ्यासक्रम पदवीधरांसाठी चार वर्षांचा आहे. पदवी सेरामपूरची सिनेट देते. हे सेरामपूर बंगालमधले, आपल्या जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मराठी नवा करारही तिथेच १८११ मध्ये छापला गेला. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी पुण्याला बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जातात. ही सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली.

शिक्षणाची फी भरली म्हणजे खर्च संपला असे होत नाही. मेस, वसतिगृह, सुट्टीतल्या क्षेत्रकार्याचा प्रवास आणि पुस्तके बाकी राहतात. जूनमध्ये फी भरायला पैसे असतात, दिवाळीनंतर मेसचे बिल थकते, आणि विद्यार्थी संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागतो. अशा वेळी पहिला फटका हिब्रू आणि ग्रीकला बसतो, कारण या भाषांना रोजची उजळणी लागते. एक महिना खंड पडला तरी क्रियापदांची रूपे हातातून जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. त्यांच्याच मुलखातल्या पाळकाला एक स्तोत्र मुळातून वाचता येऊ नये, हे आम्हाला बोचते. विवाहित उमेदवारांच्या बाबतीत पत्नीची किंवा पतीची नोकरी सुटते, मुलांची शाळा बदलते. तो खर्च आजवर कोणी धरलेलाच नाही. यंदापासून आम्ही तो धरला आहे.

आता डिकनच्या काळाविषयी, कारण पाळक खरा इथे घडतो. डिकन उपदेश करू शकतो, घरभेटी घेऊ शकतो, दफनविधी चालवू शकतो. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला समर्पित करणे मात्र प्रेसबिटरकडेच, म्हणजे पूर्ण दीक्षा झालेल्या पाळकाकडेच, असते. या काळात त्याला अनुभवी पाळकांच्या हाताखाली राहावे लागते आणि पुस्तकात नसलेली कामे शिकावी लागतात.

लग्नाचेच घ्या. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा लागतो आणि पाळकाखेरीज दोन साक्षीदार लागतात. वरात रेंगाळते, डीजे थांबत नाही, सव्वासात वाजतात आणि सगळे नातेवाईक नवशिक्या पाळकाभोवती गोळा होऊन म्हणतात, ‘साहेब, उरकून घ्या.’ त्या वेळी काय सांगायचे, आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून आधीच्या आठवड्यात दोन्ही घरच्यांना बसवून काय लिहून घ्यायचे, हे त्याला शिकवावे लागते. रजिस्टरचेही तसेच. नोंद चुकली की नवा माणूस घाईने खाडाखोड करतो किंवा पांढरी शाई लावतो. पुढे पासपोर्टच्या वेळी तो दाखला अडतो. मूळ नोंदीला हात न लावता, चूक लक्षात आल्यापासून एक महिन्याच्या आत, वधूवरांच्या समक्ष समासात दुरुस्ती लिहून तिच्यावर सही आणि तारीख घालायची, असे कायदाच सांगतो. वधूवर हयात नसतील किंवा हजर नसतील, तर दोन विश्वासू साक्षीदार चालतात.

आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन देणे हेही शिकण्याचे काम आहे. अर्धांगवायूच्या माणसाच्या ओठांना प्याला लावला की द्राक्षारस ओघळतो आणि माणूस ओशाळतो. भाकरीचा अगदी छोटा तुकडा प्याल्यात बुडवून, हनुवटीखाली रुमाल धरून, चांगल्या बाजूने तोंडात द्यायचा, तो गिळला गेल्याची खात्री करायची आणि मगच पुढची प्रार्थना म्हणायची. डिकनने हे पाळकांच्या शेजारी उभे राहून अनेकदा पाहिलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती महत्त्वाची आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेगवेगळ्या रीती असलेले सहा पंथ एकत्र आले. त्यामुळे बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा, दोन्ही आपल्याकडे मान्य आहेत. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन आणि एस.पी.जी., नाशिककडे सी.एम.एस., कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, जालन्याला स्कॉटिश मिशन, अशा वेगवेगळ्या परदेशी मिशनऱ्यांच्या जुन्या चालीरीती अजून टिकून आहेत. कुठे एकच प्याला फिरतो, कुठे छोटे प्याले असतात. डिकनला एकाच मंडळीत ठेवले तर बदली झाल्यावर पहिल्याच महिन्यात भांडण होते. म्हणून त्याला निदान दोन वेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांत ठेवायचे आहे. त्यासाठी दोन ठिकाणची राहण्याची सोय आणि प्रवासखर्च लागतो.

दीक्षेनंतरचे शिक्षण आपल्याकडे जवळजवळ बंदच पडते. बी.डी. इंग्रजीतून होते आणि उपदेश मराठीतून करायचा असतो. पहिल्या वर्षी नोट्स पुरतात, मग तेच तेच उपदेश फिरू लागतात आणि तरुण मागच्या बाकावरून उठून जातात. यासाठी महिन्यातून एक सोमवार पाळकांचा अभ्यासवर्ग आणि वर्षातून एक पूर्ण आठवडा अभ्यासाची रजा, असे ठरवले आहे. वर्गात येणाऱ्या रविवारचा शास्त्रपाठ, मराठीत पूर्ण लिहिलेला एक उपदेश आणि त्यावर चर्चा होईल. दारू सुटण्यासाठी झगडणाऱ्या घरांशी कसे बोलावे, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, ट्रस्टचे हिशेब आणि ऑडिट हे विषय पाळीपाळीने घेऊ. पेटी-तबल्यावर रेव्ह. ना. वा. टिळकांची पदे मंडळीकडून म्हणवून घेण्याचाही सराव होईल. ज्या आठवड्यात पाळक रजेवर असतील, त्या रविवारची भक्ती सभासदांनी सांभाळायची आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, नावे लागतात.

तर आम्हाला काय हवे? दरमहा ५०० रुपये, निदान चार वर्षे, देणारी घरे. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते, कारण मेसचे बिल दर महिन्याला येते. निवृत्त पाळकांच्या घरी पडून असलेले ग्रीक आणि हिब्रू कोश, टीकाग्रंथ, जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तके. फक्त वाळवी लागलेली नकोत. डिकनसाठी एक चालू स्थितीतली दुचाकी, आर.सी. आणि विम्यासह. घरी प्रभुभोजन देण्यासाठी लागणारा छोटा प्याला, ताटली आणि डबी यांचे संच. शेतकरी बंधूंनी कापणीच्या सणाला आणलेले धान्यही चालेल. त्या धान्याच्या लिलावाचे पैसे या निधीत स्वतंत्र जमा होतील.

पैसे चेकने किंवा बँकेतून ट्रस्टच्या नावे द्यावेत आणि मागे ‘पाळकीय शिक्षण’ असे लिहावे. विद्यार्थ्याच्या हातात रोख देऊ नये. त्याचा हिशेब राहत नाही आणि विद्यार्थी एका घराचा मिंधा होतो. हा निधी धार्मिक शिक्षणाचा असल्यामुळे ८०जीची करसवलत मिळणार नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गे पाठवलेले पैसे घेता येतात. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी ओसीआय कार्ड असले तरी परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय ती आम्हाला घेता येत नाही. त्यांनी कृपया इथल्या भावाच्या खात्यातून फिरवून पाठवू नये.

दरमहा देणाऱ्यांची नावे आणि रजेच्या रविवारी भक्ती चालवणाऱ्यांची नावे सेक्रेटरींकडे मे महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत द्यावीत. दर तीन महिन्यांचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावला जाईल.

ख्रिस्तसेवेत आपले,
पाळकीय शिक्षण समिती