प्रीचेक घेऊ का, असं विचारलंस म्हणून

एडिसन, न्यू जर्सी
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "वैशू, ते प्रीचेक घेऊ का गं? पैसे वाया तर नाही ना जाणार?" मी "घे की" म्हणून मोकळी झाले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. नंतर रात्री झोप लागेना. इतक्या घाईत दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं, आणि अर्धवट तर होतंच. म्हणून आज रविवारचं निवांत बसून लिहितेय.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तू अजून एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेस, त्यामुळे टीएसए प्रीचेकचा, म्हणजे इथल्या सरकारी विमानतळ-सुरक्षा खात्याच्या जलद रांगेचा, थेट अर्ज तुला करताच येणार नाही. तो इथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांच्यासाठीच आहे. विमानतळावर किंवा मॉलमधल्या काउंटरवर कुणी काही सांगितलं तरी पैसे भरू नकोस, ते परत मिळत नाहीत. आपल्यासाठी वाट आहे ती ग्लोबल एंट्रीची, म्हणजे परदेशातून अमेरिकेत येताना इमिग्रेशन झटपट पार करायच्या योजनेची. २०१७ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना तिचा अर्ज करता येतो, आणि ती मिळाली की प्रीचेक आपोआप त्यातच येतं. फी १२० डॉलर, पाच वर्षांसाठी. पूर्वी १०० होती, मागच्या वर्षी ऑक्टोबरपासून वाढली. अर्ज करण्याआधी तुझ्याकडची क्रेडिट कार्डं बघून घे. बरीच कार्डं ही फी परत देतात आणि लोकांना ते ठाऊकच नसतं.

प्रीचेकमध्ये खरं मिळतं काय, तर वेगळी रांग, लॅपटॉप आणि पातळ पदार्थांची पिशवी बॅगेतून बाहेर काढायची नाही, पट्टा आणि पातळ जॅकेट अंगावरच. बुटांचं म्हणशील तर या जुलैपासून सगळ्यांनाच बूट काढायची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे दोन रांगांतलं अंतर पहिल्यापेक्षा कमी झालंय. काही विमानतळांवर नवी यंत्रं आली आहेत, तिथे साध्या रांगेतही लॅपटॉप बॅगेतच राहतो. शंभर मिलिलिटरची मर्यादा मात्र दोन्हीकडे तीच, प्रीचेक आहे म्हणून चुंद्याची बरणी हातातल्या बॅगेत टाकशील तर ती जाणारच. टीएसए म्हणतं की प्रीचेकवाल्यांपैकी ९९ टक्के लोक दहा मिनिटांच्या आत पार होतात. माझा अनुभव साधारण तसाच आहे. पण दर वेळी बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण येईलच असं नाही. कधी कधी मुद्दामच देत नाहीत, म्हणून वेळेचं गणित अगदी काठावर आणू नकोस.

आता तुझी नवी नोकरी महिन्यातून दोनदा मिनियापोलिसला नेणार, सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. असं जाणाऱ्या बाईला पहाटेची वीस-पंचवीस मिनिटं काय असतात ते मी तुला सांगायला नको. तेवढ्यात तुझ्या लेकीचा, तन्वीचा डबा होतो. एवढ्यासाठीसुद्धा घे असं मी म्हणेन.

खरा फायदा मला परतीच्या वाटेवर झाला. मुंबईहून येताना आपण जिथे पहिल्यांदा अमेरिकेत उतरतो तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उचलायच्या, कस्टम्स, बॅगा पुन्हा द्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत सिक्युरिटीची रांग. तू तर नेहमी नेवार्क किंवा शिकागो करून डॅलसला जातेस. बाबा गेले त्या वर्षी तेरावं करून मी दोन मुलांना घेऊन एकटी परत आले. इमिग्रेशनच्या रांगेत दोन तास गेले, धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, थोरली बॅगेवर बसून पेंगत होती, आणि पुढचं विमान डोळ्यांदेखत सुटलं. रात्र खुर्च्यांवर काढली. त्या आठवड्यात मी ग्लोबल एंट्रीचा अर्ज भरला. आता उतरल्यावर एका यंत्रासमोर फोटो, अधिकाऱ्याशी दोन शब्द, आणि बॅगांच्या पट्ट्यापाशी.

पण एक लक्षात ठेव, मुलांसाठी या दोन्हींचे नियम वेगळे आहेत. प्रीचेकच्या रांगेत बारा वर्षांपर्यंतची मुलं आईबापांबरोबर चालतात. ग्लोबल एंट्रीच्या रांगेत तसं नाही, तिथे तान्ह्या बाळालासुद्धा स्वतःचं सदस्यत्व लागतं. म्हणून तन्वीचा अर्ज तुझ्याबरोबरच कर, आई किंवा बाबा सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील तर अठराच्या आतल्या मुलांना फी नाही. तिच्यासाठी भरताना मी असते तर जरा थांबले असते, एवढं सांगते. आपण व्हिसासाठी बोटांचे ठसे, फोटो, सगळं आधीच देऊन बसलोय, आपल्याकडून आणखी नवं काय मागणार? सहा वर्षांच्या पोरीची माहिती मात्र तिला न विचारता आपण देतो. माझ्या मुलांची मी दिली. चुकलं असं वाटत नाही, पण सही करताना हात थांबला होता हे खरं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आई इथे होती, आणि आम्ही दादाकडे सिअ‍ॅटलला निघालो. मी, धाकटा आणि आई. माझ्या बोर्डिंग पासवर प्रीचेक होतं, आईच्या पासवर नव्हतं. ते प्रत्येकाचं स्वतःचं असतं, मुलांपुरती सवलत आहे पण आईवडिलांना बरोबर घेता येत नाही. रांगा जिथे फुटतात तिथे आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागनं." सहा महिने इथे राहिली होती, दोनदा एकटी विमानानं आलेली. मी म्हटलं ठीक आहे. मी आणि धाकटा सात-आठ मिनिटांत पलीकडे. मग पलीकडे उभी राहून वाट बघत बसले. वीस मिनिटं झाली, तीस झाली.

मग दिसली. अनवाणी, चपला ट्रेमध्ये. तेव्हा बूट-चपला काढायच्याच होत्या, आणि तिचं वय एकाहत्तर, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना सूट होती. काचेच्या त्या गोल खोक्यात दोन्ही हात वर करून उभी. नेसूची साडी, हातात पाटल्या. तुला आठवतात ना त्या, बाबांनी केलेल्या, आता निघत नाहीत. बाहेरच्या पडद्यावर माणसाची ती साधी आकृती येते आणि जिथे शंका तिथे पिवळे चौकोन. दोन मनगटांवर आले आणि एक बरोबर निऱ्यांवर. ती गणवेशातली बाई चांगली होती, तिला नावं ठेवणार नाही. हातमोजे घालून सावकाश इंग्रजीत सांगत होती की आता मी तुमच्या पोटापाशी, मांड्यांपाशी हात लावणार आहे, चालेल का, आडोशाला जायचंय का. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. ती मान हलवत होती आणि डोळ्यांनी मला शोधत होती. मी काचेच्या या बाजूला. एकदा पार झाल्यावर मागे जाता येत नाही. मी मोठ्यानं "आई, काही नाही, तपासणी आहे" एवढं ओरडले, ते तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. निऱ्यांवरून हात फिरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

आपल्याकडे मुंबईला बायकांच्या तपासणीला पडदा असतो, आत बाईच असते, आणि ती दोन शब्द हिंदीत बोलते. एरवी आपण त्या रांगेला किती वैतागतो.

विमानात बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू असतीस तर बरं झालं असतं." रागानं नाही, साधंच म्हणाली. त्यानंतर आई बरोबर असली की मी साध्याच रांगेत उभी राहते, प्रीचेक असो की नसो. तुझे सासू-सासरे एप्रिलला येतायत म्हणालीस ना? मग हे आताच मनाशी ठरवून टाक. तो क्षण फार पटकन येतो, मागे लोक उभे असतात, आणि आपली माणसं स्वतःच म्हणतात "तुम्ही व्हा पुढे". ऐकायचं नाही.

मी नंतर आईलाच म्हटलं, तुझाही ग्लोबल एंट्रीचा अर्ज भरू, दहा वर्षांचा व्हिसा आहे, तू येत-जात असतेस. ती ऐकेना. शिर्डीला आपण गेलो होतो तेव्हा पास काढून पुढे जाऊ म्हटल्यावर तिनं साफ नकार दिलेला तुला आठवत असेल, साडेतीन तास उभी राहिली होती. इथेही तेच, "पैसे देऊन पुढे जायचं नाही." मला तिचं म्हणणं पटतं आणि तरी पटत नाही. पटतं ते यासाठी की साध्या रांगेतला माणूस काही जास्त संशयाचा नसतो, त्यानं फक्त अर्ज केलेला नसतो, आणि पुष्कळांना तो करताच येत नाही. पटत नाही ते यासाठी की इथे नुसते पैसे नाहीत, आपली पूर्ण चौकशी होते आणि ती झाल्यावर तपासणी थोडी हलकी करतात. त्यात देवाच्या दारासारखं काही नाही. शेवटी दादानं समजावलं तेव्हा "करा काय करायचं ते" म्हणाली. साडीनं आणि पाटल्यांनी प्रीचेकमध्येही अडचण येऊ शकते हे मी तिला सांगून ठेवलंय. त्या रांगेत बहुतेक वेळा साधी धातूची चौकटच असते, ते खोकं नसतं, तेवढाच आधार.

आता तुझ्या अर्जाचं. पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, कुठल्या कुठल्या देशांत गेलीस, सगळं आधी कागदावर लिहून काढ, मग भर. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड नसलं की भारत सरकारकडूनही पडताळणी होते, त्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज असतो. माझं ग्रीन कार्ड आधी झालं होतं म्हणून मला ते करावं लागलं नाही. आमच्या इथल्या एकाला एच-वन-बीवर हे सगळं पार पडायला वर्षाच्या आसपास लागलं. त्यामुळे एप्रिलच्या आत होईल अशी आशा धरू नकोस. तात्पुरती मंजुरी आली की मुलाखतीची तारीख शोधत बसू नकोस, तारखा मिळत नाहीत. भारतातून परत येताना उतरल्या उतरल्या विमानतळावरच मुलाखत देता येते, मी तशीच दिली, पाच मिनिटांत झाली.

आणि एकदा मिळालं की बॅगेतल्या खाण्याकडे नीट लक्ष दे. पाने, फळं, बिया, काही असलं तर आधी सांगायचं. आमच्या ओळखीतल्या एका बाईच्या बॅगेत सासूबाईंनी कढीपत्त्याची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून घातली होती, तिला माहीतही नव्हतं. ताजा कढीपत्ता इथे आणायला बंदीच आहे, लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग त्यातून येतो. जुडी गेली आणि सदस्यत्वही गेलं. म्हणून बॅग स्वतः भर, आणि सासूबाईंनी भरली तर परत उघडून बघ. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे.

क्लिअर नावाची जी खासगी कंपनी आहे तिच्या नादी तू लागू नकोस असं मला वाटतं. वर्षाला दोनशे डॉलरच्या घरात जातात आणि फक्त ओळखपत्राची रांग चुकते, तपासणी तशीच राहते.

त्यापेक्षा भारतातलं आधी करून टाक, ते फुकट आहे. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन म्हणतात. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झालं, या जानेवारीत मुंबईलाही आलं. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं की अर्ज करता येतो, म्हणजे तन्वीच्या बाबांचंही होईल. सासू-सासऱ्यांचाही भर. मुंबईला रात्री दोन वाजता उतरून त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ई-गेटनं गेलेलं बरं. ती इमिग्रेशनची सोय आहे, सिक्युरिटीची तपासणी तिथे सगळ्यांची होतेच.

आईचा अर्ज आता पुढे सरकलाय. मार्चमध्ये येतेय, तात्पुरती मंजुरी तोवर आली तर उतरल्यावरच मुलाखत. दादा तिला घ्यायला सांगलीला जाणार आहे, बरोबरच येतील, म्हणजे भाषेचं काही नाही.

एक काम मात्र आजच कर. तुझ्या पासपोर्टचं पहिलं पान काढ आणि त्यावर नाव नक्की कसं आहे ते मला कळव. माहेरचं आहे की सासरचं, मधलं नाव काकांचं आहे की श्रीधरचं, आणि ते पहिल्या नावाला जोडून छापलंय का. आमच्या ह्यांच्या तिकिटावर मधलं नाव सुटलं होतं तर सदस्यत्वाचा नंबर टाकूनही तीन वेळा बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण आली नाही. पासपोर्ट, अर्ज आणि तिकीट, तिन्हीकडे अक्षर न् अक्षर एक हवं. आणि लग्नाआधीचं नावही अर्जात वेगळं लिहावं लागतं, ते विसरू नकोस. तू पाठवलंस की मी रविवारी तुझ्याबरोबर फोनवर बसून फॉर्म भरून घेईन.

तन्वीला गोड पापा. श्रीधरला नमस्कार.

तुझीच,
वैशू