‘साधने दिली होती’ एवढ्यावर बातमी संपू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात, बांधकामावर किंवा प्रयोगशाळेत अपघात झाला की त्याच्या बातमीत बहुधा दोनपैकी एक वाक्य असते: ‘कामगारांना सुरक्षा साधने पुरवण्यात आली होती’ किंवा ‘संबंधित कामगाराने सुरक्षा साधने वापरली नव्हती’. पहिल्या वाक्याने व्यवस्थापन मोकळे होते, दुसऱ्याने दोष जखमी माणसाच्या माथी जातो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी अनेक वर्षे हीच साधने वाटली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, की या दोन्ही वाक्यांतून अपघाताविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. कोणते साधन दिले होते, ते त्या धोक्याला लागू पडणारे होते का, त्या माणसाला नीट बसत होते का आणि ते शेवटचे कोणी व केव्हा तपासले होते, हे विचारल्याशिवाय ‘दिले होते’ या शब्दांना रजिस्टरमधील सहीपलीकडे अर्थ नाही.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. तेल-ग्रीसच्या कामासाठी आलेले नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे मी अॅसिटोनने सुटे भाग पुसणाऱ्या विभागालाही देत असे. खोक्यावर ‘रसायनांसाठी’ असे छापलेले होते आणि मला तेवढे पुरेसे वाटले. तेलाला नायट्राइल उत्तम टिकते, परंतु अॅसिटोन त्याच्या पातळ थरातून फार लवकर आरपार जाते आणि मग हातमोज्याच्या आत कोंडून कातडीला चिकटून राहते. एका कामगाराने मला सोललेले हात दाखवले, तेव्हा माझ्या रजिस्टरमध्ये त्याच्या प्रत्येक जोडीची नोंद आणि सही बिनचूक होती. अॅसिटोनसाठी ब्युटाइल रबराचे हातमोजे लागतात, हे उत्पादकाच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेले असते. तो तक्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडला, याची खंत मला आजही आहे.

ही गोष्ट केवळ अडाणीपणाची नाही. विषारी धातूंच्या अभ्यासक कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या द्रव संयुगाचे काही थेंब पडले. त्या काळी मान्य असलेली सर्व काळजी त्यांनी घेतली होती, तरीही जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचण्यांत हे द्रव्य तशा हातमोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत पार होते असे दिसले. हातमोजा फाटलेला नव्हता, त्याला छिद्र नव्हते आणि तो हातातच होता. काही ठिकाणी तर हातमोजा मुळीच न घालणे हेच योग्य असते: फिरत्या ड्रिलपाशी किंवा लेथपाशी कापड अडकले की हातमोजा बोटांसकट आत ओढला जातो.

मास्कच्या बाबतीतला गोंधळ याहून मोठा आहे. एन-९५ मास्क धुळीचे अतिसूक्ष्म कण अडवतो, परंतु रंगाच्या, थिनरच्या वाफेला किंवा वायूला तो अडवत नाही, त्यासाठी त्या त्या वायूचे कार्ट्रिज, म्हणजे मास्कला जोडायची वाफ शोषणारी डबी, लागते. बंद टाकीत किंवा चेंबरमध्ये प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर गाळणारा कोणताही मास्क निरुपयोगी ठरतो, कारण गाळून आत घ्यायला पुरेसा प्राणवायूच तेथे नसतो. अशा जागी बाहेरून हवा पुरवणारे साधनच हवे. शिवाय चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर बसत नाही, केसांमधून हवा सरळ आत येते. म्हणून मास्क कोणाच्या चेहऱ्याला बसतो हे देण्यापूर्वी तपासावे लागते आणि प्रत्येक वेळी घालताना कडेने हवा गळते का, हे वापरणाऱ्याने स्वतः पाहावे लागते. उघडलेले कार्ट्रिज फळीवर तसेच ठेवले तर ते हवेतील वाफ शोषत राहते आणि कोणी न वापरताच संपत जाते. ते हवाबंद पिशवीत ठेवण्याची सवय मला फार कमी ठिकाणी दिसली.

‘साधने वापरली नव्हती’ या वाक्याविषयीही थोडे लिहितो. आवाज ३० डेसिबलने कमी करणारे कानांचे आवरण आठ तासांच्या पाळीत फक्त एक तास काढून ठेवले, तर पूर्ण पाळीचे प्रत्यक्ष संरक्षण सुमारे ९ डेसिबलवर येते. निम्मी पाळी काढून ठेवले तर ते अवघे ३ डेसिबल उरते. कारण ३० डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जेत हजारपट फरक, त्यामुळे उघड्या कानांच्या एका तासाची भरपाई बाकीच्या सात तासांनी होत नाही. हे कामगाराला कोणी समजावून सांगितलेले असते का? आणि तो आवरण का काढतो, हे कोणी विचारलेले असते का? बहुतेक वेळा गॉगलच्या काड्या आवरणाखाली दाबल्या जाऊन दुखतात, किंवा सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही. स्त्रियांना तर पुरुषांच्या मापाचे हातमोजे, बूट आणि हार्नेस (उंचीवरून पडताना सावरणारे अंगावरचे पट्टे) देऊन ‘घट्ट करून घ्या’ असे सांगितले जाते. न बसणारे साधन माणूस काढून ठेवतो, यात बेफिकिरी शोधणे मला अन्यायाचे वाटते.

उंचीवरच्या कामात हार्नेस घातला होता, एवढ्याने भागत नाही. हार्नेसची दोरी १.८ मीटरची असेल, तर धक्का शोषणारी पट्टी उलगडण्याची लांबी, माणसाची उंची आणि थोडी जास्तीची जागा धरून दोरी अडकवलेल्या बिंदूखाली पाच ते सहा मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर दोरी ताणली जाण्यापूर्वीच माणूस जमिनीवर आदळतो. पडणाऱ्याला एकदा सावरलेला हार्नेस पुन्हा वापरायचा नसतो. जोराचा मार बसलेले हेल्मेटही बाद करावे लागते, मग त्यावर तडा दिसो वा न दिसो. उन्हात वर्षानुवर्षे टांगलेल्या हेल्मेटचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणूनच त्यावर निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते.

मुळात अंगावर घालायचे साधन हा शेवटचा उपाय आहे. विषारी द्रव्य बदलता येते का, यंत्राला जाळी बसवता येते का, धूळ उगमापाशीच ओढून घेता येते का, हे आधी पाहायचे असते. साधने वाटण्याला त्या मानाने खर्च कमी आणि नोंद सोपी, म्हणून पुष्कळदा तेथूनच सुरुवात होते आणि तेथेच काम थांबते.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, की अपघातानंतर ‘साधने दिली होती’ असे सांगण्यात आले तर त्या साधनाचा प्रकार, त्याचे माप, निर्मितीची तारीख आणि शेवटच्या तपासणीची नोंद मागावी. उत्तर मिळाले तर ते छापावे आणि मिळाले नाही तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर