नोझलवर टक्केवारी लिहा : पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये उसापासून बनणारं इथेनॉल मिसळायला आमचा विरोध नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या ऊस उत्पादकाचा पैसा त्यात गुंतलेला आहे, आणि बाहेरून आणावं लागणारं तेल कमी व्हावं असं आम्हालाही वाटतं. आमचं मागणं एवढंच आहे की गाडीच्या टाकीत नेमकं काय पडतंय ते मालकाला कळावं, आणि जुन्या गाडीला सोसेल असं पेट्रोल तिला मिळावं. आम्ही पेट्रोल गाड्यांच्या इंधन यंत्रणेचं काम करतो. त्यामुळे रोज जे सुटे भाग हातात येतात, त्यांच्याबद्दलच लिहितो आहोत.

देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सोसणारे असावेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनांचं ट्यूनिंगही ई-२० साठी असावं, असं होतं. त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) हे संरक्षक इंधन म्हणून पंपावर चालू ठेवावं, असंही सुचवलं होतं. मिश्रणाचं उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण झालं, याचा आनंद आहे. संरक्षक इंधनाची शिफारस मात्र मागेच राहिली.

आधी ॲव्हरेजबद्दल. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-साडेसहा टक्के ऊर्जा कमी भरली जाते. इंजिन त्यासाठी बांधलेलं आणि ट्यून केलेलं असेल तर जास्त ऑक्टेनचा फायदा घेऊन यातला बराचसा तोटा ते भरून काढतं. जुनं इंजिन ते करू शकत नाही. नीती आयोगाच्या आराखड्यातही शून्य टक्के इथेनॉलसाठी बांधलेल्या आणि ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकीला सहा ते सात टक्के घट दाखवली आहे. त्यामुळे ग्राहक ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणतो तेव्हा त्याला भ्रम झालेला नसतो. वीस किलोमीटर देणारी गाडी पावणेएकोणीस देते, आणि लिटरचा भाव तोच राहतो.

आता यंत्रणेत काय होतं ते पाहा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हा फरक ओळखते आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवते. स्कॅनर लावला की ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे गाडी स्वतःहून किती जादा पेट्रोल सोडते तो आकडा, आधीपेक्षा चार-पाच टक्क्यांनी वर गेलेला दिसतो. गाडी निरोगी असेल तर एवढं चालून जातं. पण इंजेक्टर आधीच थोडे चोंदलेले असतील, फ्युएल पंपाचं प्रेशर उतरलेलं असेल किंवा इनटेकला कुठे हवा गळत असेल, तर आधी सहा-सातवर असलेला ट्रिम दहाच्या वर जातो, गाडी सकाळी अडखळते, आणि पुढे चेक इंजिनचा दिवा लागून पी-०१७१, म्हणजे ‘हवेच्या मानाने पेट्रोल कमी’, हा कोड येतो. अशा वेळी मेकॅनिकला पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे हे ठाऊक नसेल तर तो चांगला सेन्सर बदलून बसतो. चार-पाच हजारांचा भाग फुकट जातो आणि बिघाड तिथेच राहतो.

कार्बोरेटरच्या दुचाकीला तर सेन्सरच नाही. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नियम येण्याआधीच्या लाखो स्कूटर-मोटरसायकली अशाच आहेत. ई-२० वर त्या पातळ मिश्रणावर (हवा जास्त, इंधन कमी) चालतात, गरम होतात, पिकअप घेताना दचकतात. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, एखाद-दोन नंबर मोठा टाकून ते सावरता येतं, पण उद्या दुसऱ्या पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळालं तर तीच गाडी काळा धूर सोडते. इथेनॉलची टक्केवारी माहीत नसताना जेट बसवणं हा निव्वळ अंदाज असतो. त्यात अशी गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोट चेंबरच्या तळाशी आणि जेटच्या तोंडाशी पांढरी भुकटी धरते. ओल धरलेलं इथेनॉल जस्त-ॲल्युमिनियमला खातं, त्याची ती भुकटी. म्हणून आम्ही ग्राहकाला सांगतो की गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि चेंबर रिकामं ठेवा.

आपल्या मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते काम स्वस्त व सोपं आहे. पण नेमके कोणते भाग? टाकीपासून निघणारा होज, फ्युएल पंपाच्या झाकणाचं सील, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, कार्बोरेटरमध्ये नीडलचं रबरी टोक आणि चेंबरचं गॅस्केट. ओ-रिंग खरोखरच स्वस्त असते. काही गाड्यांत मात्र फ्युएल पंप, फिल्टर आणि सील मिळून एकच जोडणी येते, आणि सुटं सील कंपनी विकतच नाही. प्रत्येक मॉडेलसाठी बदलायच्या भागांची यादी आणि किंमत जाहीर करायला उत्पादकांना सांगा. म्हणजे ‘स्वस्त’ म्हणजे किती ते सगळ्यांनाच कळेल.

जुन्या पत्र्याच्या टाकीत आणखी एक गोष्ट होते. इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकट थर आणि गंज सोडवतं, आणि ते सगळं पंपाच्या जाळीवर येऊन बसतं. म्हणून ई-२० सुरू केल्यावर दोन-तीन टाक्या संपल्या की जाळी आणि फिल्टर बघायलाच हवा. इंजेक्टर काढून धुण्याआधी हे करावं. वर घाण तशीच असेल तर धुतलेले इंजेक्टर पुन्हा चोंदतात.

सगळ्यात जास्त काळजी पाण्याची वाटते. साध्या पेट्रोलमध्ये शिरलेलं पाणी तळाला वेगळं बसायचं. ई-१० साधारण अर्धा टक्का पाणी स्वतःत सामावतं, ई-२० त्याहून जास्त. ही मर्यादा ओलांडली की पाण्याबरोबर बरंचसं इथेनॉलही सुटून खाली बसतं. पस्तीस लिटरच्या टाकीत सात लिटर इथेनॉल असतं, म्हणजे अर्धा लिटर पाण्यामुळेही तळाशी काही लिटरचा जड थर होऊ शकतो, आणि गाडीचा पंप नेमका तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं. कोकणातल्या पावसात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण किंवा व्हेंट नीट नसेल तर एका रात्रीत हे घडू शकतं. टाकीची पातळी मोजायच्या डिपच्या काठीला लावायची, पाणी दाखवणारी जुनी वॉटर पेस्ट हा मिश्र थर नीट दाखवत नाही. त्यासाठी इथेनॉलची वेगळी पेस्ट लागते. जून ते सप्टेंबर ही तपासणी रोज सकाळी व्हावी आणि तिची नोंद घनतेच्या आकड्याशेजारीच फलकावर लागावी.

टक्केवारी ओळखायची एक साधी चाचणी कुणालाही उघड्यावर, आगीपासून लांब करता येते. १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता, हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, १९ च्या आसपास आला तर ई-१०, २८ च्या आसपास आला तर ई-२०. तपासलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका. पंपावर फिल्टर पेपर आणि पाच लिटरचं माप मागायचा हक्क ग्राहकाला आज आहेच. त्यात या मोजपात्राची भर घाला.

ग्रेडबद्दल लोकांचा मोठा गोंधळ आहे. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सोसण्याची क्षमता. त्याने ताकद वाढत नाही आणि सफाईही होत नाही. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर ९५ भरून काही मिळत नाही. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीला मात्र झाकणावर लिहिलेला आकडा पाळावाच लागतो. ई-२० मुळे साधं पेट्रोलही आता ९५ ऑक्टेनचं झालं, असं आपलं मंत्रालयच सांगतं. मग ‘९५’ लिहिलेल्या प्रीमियमसाठी ग्राहक लिटरमागे जादा पैसे देतो ते कशाचे? उत्तर असेल तर ते त्यातल्या डिटर्जंटचं, म्हणजे इंजेक्टर-व्हॉल्व्ह साफ ठेवणाऱ्या रसायनाचं, आहे, आणि तो कोणता, किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून सगळ्याच पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट सक्तीचा आहे. आपल्याकडेही साध्या पेट्रोलला तसा नियम लावा आणि प्रीमियमवाल्यांना मात्रा जाहीर करायला लावा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन कोणत्याही पेट्रोलने निघत नाही, हेही जाहिरातीत स्पष्ट यावं.

नोझलवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, इथेनॉलची टक्केवारी लिहायला नवी टाकी लागत नाही, फक्त आपला आदेश लागतो. ई-१० साठी वेगळी टाकी लागेल हे आम्हाला मान्य आहे. पण प्रीमियम विकणाऱ्या पंपांवर दुसरी टाकी, दुसरी पाइपलाइन आणि दुसरं नोझल आधीच आहे. प्रत्येक तालुक्यात अशा निदान एका पंपावर त्या टाकीत ई-१० द्या, आणि भाव साध्या पेट्रोलचाच ठेवा.

आपले,
पेट्रोल गाड्यांच्या इंधन यंत्रणेचं काम करणारे मेकॅनिक