चिऊ, तिसरा विषय कोणता घेतेस?

चिऊ,

समोर बसून बोलायला गेलं की तू "आई, आय नो" म्हणतेस आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहून पाठवतेय. नीट वाच.

ए लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, बायो आणि केमिस्ट्री फायनल, मेडिसिनला जायचं तर ते घ्यावेच लागणार. प्रश्न तिसऱ्याचा. बाबा म्हणतो जिऑग्राफी घे, सायन्सच्या जवळची आहे, कार्बन सायकल वगैरे थोडं दोन्हीकडे चालेल, आणि त्याचं चूक नाहीये, पण ए लेव्हलला किमान चार दिवस फील्डवर्क असतं आणि जीसीएसईच्या, म्हणजे त्याआधीच्या परीक्षेच्या, ट्रिपवरून आलीस तेव्हा तू नदीबद्दल एक शब्द बोलली नव्हतीस, फक्त ओल्या मोज्यांबद्दल! आणि हिस्ट्रीत मेडिसिनचा भाग चालू होता तेव्हा? वरणाची वाटी बाजूला सारून पेन्सिल आणि रबरबँड घेऊन थॉमस स्प्लिंटमध्ये पाय कसा ताणून धरतात ते करून दाखवलंस, पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेले सैनिक आधी बहुतेक मरायचे आणि नंतर बहुतेक वाचायला लागले हे सांगताना भात गार झाला तरी तुला पत्ता नव्हता. मला तर वाटतं तुझं ठरलेलंच आहे.

फक्त हिस्ट्रीला लिखाण खूप आहे हां. कोर्सवर्कचा निबंध चारेक हजार शब्दांचा, २० टक्के मार्क त्याला, आणि इयर थर्टीनला, म्हणजे शेवटच्या वर्षी, युकॅट ही मेडिसिनची प्रवेश परीक्षा आणि १५ ऑक्टोबरची युकासची, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या अर्जाची, डेडलाइन डोक्यावर असताना तो अर्धवट राहिला तर हाल होतील, तेव्हा उन्हाळ्यातच बराचसा उरकायचा. आरएसला, म्हणजे रिलिजस स्टडीजला, कोर्सवर्क नसतं, एथिक्सपण असतं, पण तू ते मैत्रीण घेतेय म्हणून म्हणतेयस, हे मला कळतं गं.

बऱ्याच मेडिकल स्कूल्सना तिसरा विषय कुठलाही चालतो, पण केंब्रिजला अर्ज करणारी बहुतेक मुलं तिन्ही सायन्स-मॅथ्सवाली असतात, तर तुझ्या लिस्टमधल्या सगळ्यांच्या साइट्स एकदा बघून घे.

आणि हिस्ट्री-केमिस्ट्री टाइमटेबलच्या एकाच ब्लॉकमध्ये येत नाहीत ना ते सोमवारी विचार. सांगलीच्या आजीला "सायन्सवाली इतिहास कशाला शिकतेय" हे मी समजावते, तू फोनवर वाद घालू नकोस.

आई