सिकलसेल, प्लीहा आणि महाभक्षी पेशी

महोदय,

सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर, सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) चर्चा बहुधा रक्ततपासणीपाशीच थांबते. या आजारात प्लीहेतील (पाणथरीतील) महाभक्षी पेशींचे (मॅक्रोफेज, म्हणजे जंतू व जीर्ण पेशी गिळणाऱ्या पेशी) काम कसे बिघडते, हे पालकांना फारसे सांगितले जात नाही. निरोगी शरीरात तांबड्या पेशीवरील सीडी-47 हे प्रथिन ‘मला गिळू नका’ असा संकेत देते, आणि सुमारे 120 दिवसांनी जीर्ण झालेली पेशी गिळून महाभक्षी तिच्यातील लोह पुन्हा वापरात आणतात. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी साधारण 10 ते 20 दिवसांतच मोडते. तिच्यातील हीमचा (लोहयुक्त रंगद्रव्याचा) भार वाढला की सफाई करणारे हेच महाभक्षी दाह वाढवू लागतात. शिवाय रक्तपुरवठा वारंवार खुंटल्याने प्लीहा बालपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून टिपणारे तिथले महाभक्षी उरत नाहीत. अशा मुलाचा ताप अंगावर काढणे म्हणूनच जिवावर बेतू शकते, आणि माझ्या मते हे सांगणे तपासणीइतकेच निकडीचे आहे. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत न्यूमोकोकल लस, लहान वयातील पेनिसिलिन आणि ताप येताच दवाखाना गाठणे, या गोष्टी आशाताईंमार्फत भिली व पावरी बोलीत घरोघरी समजावण्याची व्यवस्था आरोग्य यंत्रणेने करावी, ही विनंती.

– एक वाचक, नंदुरबार