आटत्या डबक्यातले बेडूक बादलीतून हलवू नयेत

संपादक महोदय,

उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यांतील बेडूक उचलून शेततळ्यात सोडण्याचे काम आमच्या आटपाडी भागात काही उत्साही मुले करतात. दोन वर्षांपूर्वी ओढ्यावरच्या बंधाऱ्याखाली घोंगडीएवढे पाणी उरले आणि त्याच्या कडेच्या चिखलात पन्नासेक बेडूक एकमेकांच्या अंगावर चढून बसले, तेव्हा बादली घेऊन मीही त्या मुलांत होतो. ती चूक होती, असे आता वाटते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते तो कातडीतून घेतो, आणि श्वासाचाही बराच भाग याच ओलसर कातडीवर चालतो. तिच्यावर जिवाणूंची वस्ती असते व त्यांतील काही, उदाहरणार्थ जांभळे रंगद्रव्य बनवणारा जँथिनोबॅक्टेरियम, कायट्रिड या घातक बुरशीला रोखून धरतात. कातडी सुकली, परिसर बदलला की या वस्तीची घडी विस्कटू शकते. या बुरशीमुळे कातडीतील क्षारांची ये-जा बिघडून अखेर हृदय बंद पडते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जाती घटल्या असून त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते.

ही बुरशी पाण्यातून पसरते, कोरडेपणा आणि कडक उष्णता तिला सोसत नाही. मग आटपाडीच्या चाळीस अंशांत भीती कशाची, असे कोणी विचारील. माळावर ती फारशी नसेलही. परंतु पोर्तो रिकोच्या जंगलात कोरड्या दिवसांत कोकी जातीचे बेडूक उरल्यासुरल्या ओल्या जागी दाटीने जमतात आणि त्याच काळात लागण वाढते, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्याकडे पावसाने मोठा खंड दिला तर असा धोका कोयना-चांदोलीच्या गार रानात अधिक संभवतो. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील बेडकांवर ही बुरशी असल्याचे २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, आणि कोयना भेक हा बेडूक तर याच डोंगरपट्ट्यापुरता मर्यादित असलेला जीव आहे. म्हणून एका पाणवठ्यातील बेडूक, पाणी किंवा जाळे दुसऱ्या पाणवठ्यात नेऊ नये. बादलीतून रोगही प्रवास करतो. (धोंडी मागताना मुसळाला बेडूक बांधण्याची रीतही आता सोडून द्यावी, पाऊस त्यावाचूनही अडणार नाही.)

माळावरचे कित्येक बेडूक जमिनीत शिरून उन्हाळा काढतात. तलावातील गाळ उपसताना एखादा ओला कोपरा यंत्राविना सोडला, तरी त्यांचे पुष्कळ भागेल. ज्यांना याहून अधिक करायचे असेल त्यांनी शेततळ्याच्या काठावरून एक लांब गोणपाट पाण्यात सोडावे. शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कागदावरून बेडकाला वर चढता येत नाही. आम्ही सोडलेले बेडूक चौथ्या दिवशी तिथेच फुगून वर आले होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
आटपाडी, जि. सांगली