निनवे शहर वाचले, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला धर्म आणि क्षमा या विषयावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना समोरचा चहा निवून गेला. लेखकाचे म्हणणे असे की इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या, शास्त्रांतला देव डोळ्याबद्दल डोळा आणि दाताबद्दल दात मागणारा. दया आणि पश्चात्ताप या गोष्टी पुढे दुसऱ्यांनी आणल्या. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली आहे, ठाण्यात राहते, वय वर्षे चौऱ्याहत्तर. हे शास्त्र आमच्या घरी मराठीतून मोठ्याने वाचले जायचे. आमच्या पूर्वजांनी तर त्यातल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. त्यामुळे ते कोणी न उघडताच त्यावर निकाल दिला की मला गप्प बसवत नाही.

डोळ्याबद्दल डोळा हे वचन तोरामध्ये, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत, तीन ठिकाणी आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याचा अर्थ कसा लावायचा हे आमच्या गुरूंनी तालमूदमध्ये, म्हणजे शास्त्रावरच्या त्यांच्या चर्चेच्या ग्रंथात, ठरवून ठेवले आहे. कोणाला इजा केलीत तर त्याचा डोळा गेल्याची भरपाई द्यायची, वेदनेची द्यायची, औषधपाण्याचा खर्च द्यायचा, बुडालेली मजुरी द्यायची आणि त्याची जी अप्रतिष्ठा झाली तिचेही पैसे द्यायचे. लेखात यातले एक अक्षर नाही.

आणि देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा योना कुठे गेला? त्याचे चार अध्यायांचे एवढेसे पुस्तक. दरवर्षी किप्पूरच्या, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपासाने जीव कासावीस झालेला असताना, दुपारनंतरच्या प्रार्थनेत ते वाचतात. लोकांना त्यातला मासा तेवढा आठवतो. माशाचे काय घेऊन बसलात! देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि त्यांना बजाव. निनवे म्हणजे अश्शूरी लोकांचे शहर, इस्राएलचे वैरी. योना याफो बंदरावर जाऊन उलट्या दिशेचे, तार्शीशचे जहाज धरतो. तो का पळाला याचे कारण शेवटच्या अध्यायात तो स्वतःच देवाला ऐकवतो: तू कृपाळू आहेस, लवकर रागावत नाहीस, मन बदलतोस, हे मला आधीपासून ठाऊक होते. म्हणजे संदेष्ट्याची तक्रार देव फार दयाळू आहे अशी आहे! शेवटी माशाच्या पोटातून सुटून तो निनवेला जातो आणि शहराचा नाश होणार असे सांगतो; लोक उपास धरतात, वाईट वाट सोडतात, आणि देव नाश टाळतो. शहर वाचले म्हणून योना रुसून बाहेर जाऊन बसतो. सावलीचे झुडूप एका रात्रीत उगवते, एका रात्रीत किडीने जाते, त्यासाठी तो मरण मागतो. तेव्हा देव म्हणतो, या झुडपाची तुला एवढी कळकळ, मग ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे तिथे आहेत, आणि कितीतरी गुरेढोरे, त्यांची मला नसावी? पुस्तक या प्रश्नावरच संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. सूड घेणाऱ्या देवाच्या शास्त्रात हे पुस्तक कोणी कशाला ठेवले असते?

मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ भागात, याच गोष्टीवरून एक फार नेमके सांगितले आहे. उपासाच्या दिवशी वडीलधाऱ्या माणसाने लोकांपुढे उभे राहून म्हणायचे: भावांनो, निनवेच्या लोकांनी पश्चात्तापाने नेसलेले गोणपाट आणि त्यांचे उपास देवाने पाहिले असे लिहिलेले नाही; ते आपल्या वाईट वाटेवरून फिरले, ही त्यांची करणी त्याने पाहिली. तालमूद पुढे म्हणते, चोरीची तुळई घरात बसवली असेल तर त्यांनी अख्खे घर पाडून ती मालकाला परत दिली. इब्रीत पश्चात्तापाला तशुवा म्हणतात, त्याचा अर्थच परत फिरणे.

मी हे घरात पाहिले आहे. अलिबागकडे आमच्या बाबांचे किराणा मालाचे दुकान होते, शनिवारी बंद. मी नऊ-दहा वर्षांची असेन. गल्ल्यातले चाळीस रुपये गेले आणि बाबांनी दुकानातल्या पोऱ्याला भर बाजारात चोर म्हणून हाकलले. त्याची आई मासळी विकायची. दोनेक महिन्यांनी, नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, आठवडा राहिला असताना, साफसफाईत गल्ल्याचा खण पूर्ण बाहेर काढला तर मागच्या फटीत नोटा अडकलेल्या, घडी तशीच. बाबा कितीतरी वेळ तो खण हातात धरून उभे होते.

आमच्याकडे किप्पूरला दारफळणीचा सण म्हणतात. घराचे दार लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता बसायचे. पण माणसाने माणसाचा जो अपराध केला तो त्या उपासाने धुतला जात नाही, ज्याचा केला त्याचे मन आधी वळवावे लागते. म्हणून बाबा मला बरोबर घेऊन कोळीवाड्यात गेले. ती बाई बोंबील साफ करत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, “शेठ, चोर बाजारात म्हणालात आणि माफी घरात मागता?” बाबा परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, दार लावलेले होते. मग बाजाराच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, पैसे माझ्याच गल्ल्यात होते, पोर निर्दोष आहे. ज्या दुकानदारांनी त्या मुलाला कामावर घेतले नव्हते त्यांच्याकडेही गेले. बुडालेल्या दोन महिन्यांचा पगार पाकिटात घालून तिसऱ्यांदा कोळीवाड्यात गेले. तेव्हा ती म्हणाली, “बसा,” आणि पितळी तांब्यातून पाणी दिले. मुलगा कामावर परत आला नाही, मुंबईला बोटीवर गेला. बाबा दरवर्षी उपास धरताना त्याचे नाव घेत. हे आमच्या बाबांनी कुठून आणले, हे तुमच्या लेखकांनी मला सांगावे.

या शास्त्रात सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. दाविद राजाने आपल्या सैनिकाला, उरियाला, त्याच्या बायकोपायी मारवले, नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याच्या तोंडूनच त्याचा न्याय करवला, आणि तो “मी पाप केले” म्हणताच त्याचा जीव वाचला. पण त्याचे तान्हे मूल गेले. ते मला आजही पटत नाही. यहेज्केल संदेष्ट्यालाही असेच काही टोचले असावे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे तो देवाच्या नावाने सांगतो. दुर्जन मरावा यात मला काय आनंद, तो फिरावा आणि जगावा, हेही तिथेच आहे. अठरावा अध्याय. हा वाद शास्त्राच्या आतच चालला आहे, आमच्या मूळपुरुषाने, अब्राहामाने, किती नीतिमान माणसे सापडली तर पापी सदोम शहर वाचवशील अशी देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस केली तेव्हापासून. लेखकाने त्यातली एकच बाजू उचलली.

मुंबईतले आमचे सर्वांत जुने प्रार्थनामंदिर 1796 सालचे. त्याचे नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचे दार. मांडवीला जाऊन पाटी वाचता येते.

जाता जाता आणखी एक. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तुमच्या दिनविशेषात किप्पूर नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी छापून येतो, तोवर आमचा निम्मा उपास झालेला असतो. हे मी दोन वर्षांपूर्वीही कळवले होते, उत्तर आले नाही. या वर्षी आदल्या दिवशीच्या अंकात ‘आज सायंकाळपासून’ असे छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे